वाजतो उजवा, दुखतो डावा

कमलाबाई रामटेके यांच्या गुडघ्याची पहिली तपासणी स्क्रू-ड्रायव्हरने झाली.

दिवाळी नुकतीच होऊन गेली होती. रायपूरच्या गुढियारीतल्या त्यांच्या घराच्या ओट्यावर कोवळं ऊन आलं होतं. कमलाबाई पाटावर बसून मेथी निवडत होत्या. निवडून झाली, त्या उठल्या आणि उजव्या गुडघ्यातून आवाज आला. वाळलेली तुराटी मोडावी तसा, कट्ट. शेजारी चहा पीत बसलेल्या भैय्यालालजींनी कप खाली ठेवला.

"थांब. हलू नको," ते म्हणाले.

"काहून? साप आहे का?"

"तुझ्या गुडघ्यातून आवाज आला."

"तो तं कधीचा येते."

भैय्यालालजी आत गेले आणि हातभर लांबीचा, पिवळ्या मुठीचा एक स्क्रू-ड्रायव्हर घेऊन आले. उरला औद्योगिक वसाहतीतल्या रोलिंग मिलमध्ये त्यांची सारी नोकरी मेंटेनन्समध्ये गेली. बेअरिंगच्या बाहेरच्या कवचावर स्क्रू-ड्रायव्हरचं टोक टेकवायचं, मूठ कानामागच्या हाडाला लावायची आणि डोळे मिटून ऐकायचं, हे त्यांचं काम. आत गोळ्या नीट फिरत असल्या की नुसती सूं ऐकू येते. ग्रीस संपलं की खरखर. आणि टकटक आली की मशीन लगेच बंद करायची, सुपरवायझर कितीही ओरडला तरी. निवृत्त झाल्यावर मिलमधून आणलेली ही एकच वस्तू त्यांनी कपाटात जपून ठेवली होती.

"बस. पाय मोड. आता सरळ कर. पुन्हा मोड."

गुडघ्याच्या वाटीवर लोखंडाचं थंड टोक टेकलं होतं. कमलाबाईंना गुदगुल्या झाल्या, पण नवऱ्याचा चेहरा इतका गंभीर होता की त्या हसल्या नाहीत. उलट त्यांना भारी उत्सुकता वाटली. लग्न झाल्यापासून हा माणूस मिलमधल्या मशीनींचं ऐकत आला होता. आज पहिल्यांदा तो त्यांचं ऐकत होता.

"काय ऐकू येते?"

"बोलू नको. आवाज मिसळते." मग बऱ्याच वेळाने डोळे उघडून ते म्हणाले, "खर्रर्र, आणि शेवटी टक. उजवी बेअरिंग गेली तुझी."

"पण मले दुखते तं डावा!"

"तेच तं सांगून राहिलो. उजवा घासला, म्हणून सारा लोड डाव्यावर येऊन राहिला. मिलमध्ये असंच होते. इकडची बेअरिंग बसली का तिकडची गरम होते."

हे इतकं पटण्यासारखं होतं की पुढचे दोन-अडीच महिने घरात कुणालाच त्यात काही चूक दिसली नाही. कमलाबाईंनाही नाही.

टकटक आली की मशीन बंद, या नियमाने कमलाबाई बंद झाल्या. भैय्यालालजी पाणी भरू लागले. गच्चीवर कपडे तेच वाळत घालत. संध्याकाळी बुद्धविहारात चालत जायचं थांबलं. सदर बाजारातल्या एका साडीच्या दुकानाचं फॉल-पिकोचं काम कमलाबाई करत. त्या स्वतः जाऊन साड्या आणत, जाता-येता धाग्याची रिळं घेत, दुकानातल्या बायकांशी दोन गोष्टी बोलत. ते आता मुलगा यशदीप स्कूटरवरून आणू लागला. उजव्या गुडघ्याला रोज सकाळ-संध्याकाळ गरम तेल आणि वर घट्ट पट्टा.

"मी काय करू मग?" कमलाबाईंनी विचारलं.

"बसून काम कर. मशीनवर बस. तिथं कुठं पायाले त्रास आहे?"

खरंच नव्हता. दोन वर्षांपूर्वी यशदीपने शिलाई मशीनला मोटर बसवून दिली होती. आईचे पाय पायडल मारून मारून दुखतात, हे त्याला पाहवलं नव्हतं. आता उजव्या पायाच्या पंज्याने बारकं बटण दाबलं की मशीन पळायची. डावा पाय मोकळाच. कमलाबाई तो खुर्चीवर दुमडून खाली घेत आणि तासन्‌तास तशाच बसत.

आता, कमलाबाई म्हणजे बसून राहणारी बाई नव्हे. हे गुढियारीत कुणालाही विचारा.

त्यांचं माहेर तुमसरचं. शाळेत पीटीच्या बाईंनी मुलींचं लेझीम पथक बसवलं होतं आणि त्यात कमला पहिल्या रांगेत. लग्न होऊन रायपूरला आली तेव्हा या पाऱ्यात, म्हणजे मोहल्ल्यात, चौदा एप्रिलला मिरवणूक निघायची, पण बायका नुसत्या मागून चालायच्या. कमलाने तुमसरहून लेझमी मागवल्या, विहाराच्या अंगणात बायका जमवल्या आणि शिट्टी तोंडात धरली. पहिल्या वर्षी लोक हसले. दुसऱ्या वर्षी बघायला थांबले. मग गुढियारीची लेझीम शहरात माहीत झाली. पांढऱ्या साड्या, निळे काठ, आणि सगळ्यांपुढे, रांगांकडे तोंड करून उलट पावली चालणारी कमलाबाई. कोणता हात कधी बदलायचा, कधी वळायचं, कधी थांबायचं हे सगळं तिच्या शिट्टीवर. आंबेडकर चौकात पोचलं की शेवटी बैठक. लांब शिट्टी झाली की सगळी रांग एका गुडघ्यावर खाली, लेझीम जमिनीला, ढोल बंद. सारा चौक गप्प. आणि मग छोटी शिट्टी, की सगळ्या एकदम उभ्या.

या बैठकीसाठी लोक वर्षभर थांबायचे. कमलाबाईसुद्धा.

जानेवारीत शेजारची सरला आली. सरला वयाने बरीच लहान, जिभेने तिखट. लेझीमच्या दुसऱ्या रांगेत असे.

"जय भीम, दीदी. या वर्षी काय विचार आहे?"

"कशाचा?"

"घ्या! कशाचा म्हणते. मंडळाचे पोट्टे म्हणून राहिले, कमलादीदीचे गुडघे गेले, तं लेझीम कायले? डीजे लावू. ट्रकच ठरवून राहिले."

"तू सांभाळ ना शिट्टी."

"मी? मले माझ्याच पायाचा उजवा-डावा कळत नाही, मी चाळीस बायाईचा सांभाळू?" सरलाने चहाचा घोट घेतला. "तुमी असल्या तं लेझीम, नाई तं डीजे. मार्चच्या आधी सांगा म्हणले त्याईनं."

तिला दारापर्यंत पोचवायला म्हणून कमलाबाई खुर्चीवरून उठल्या. उजवा गुडघा नेहमीप्रमाणे कट्ट वाजला. आणि डाव्यात अशी कळ आली की त्यांनी मशीनचं चाक धरलं.

"बाप रे, दीदी, तुमचा गुडघा तं टाळी वाजवते," सरला म्हणाली. कळ तिला दिसली नाही. आवाज मात्र ऐकू आला.

सरला गेल्यावर कमलाबाई पुन्हा मशीनवर बसल्या. डीजेचं दुःख होतंच. पण त्याहून एक गोष्ट डोक्यात टोचत होती. दिवाळीपासून आराम चालू आहे. तेल चालू आहे. पट्टा आहे. मग दुखणं वाढलं काहून?

त्या दिवसापासून कमलाबाई स्वतःच्या गुडघ्यांवर पाळत ठेवू लागल्या. एखादी नवी सून घरात कशी वागते हे बघावं तशी. जिना चढताना उजवा वाजे. उतरताना डावा दुखे. मशीनवर बराच वेळ बसून उठलं की डावा दुखे. पलंगावर पाय हलवत पडलं की उजवा वाजे, पण दुखत काहीच नसे. घरी कुणी नसताना त्यांनी उजवा गुडघा मुद्दाम पुन्हा पुन्हा मोडून पाहिला. कट्ट, कट्ट, कट्ट. अगदी काही नाही. डावा मोडला. आवाज नाही, पण वाटीच्या मागे ती ओळखीची बोचणी.

रात्री जेवताना त्यांनी विषय काढला. "तुमी म्हणता उजवा बिघडला. मग उजव्याले कधीच काही होत नाही, असं कसं?"

"बेअरिंगले कधी दुखते का?" भैय्यालालजी म्हणाले. "बेअरिंग वाजते. बस."

"मग मी बेअरिंग हाओ का?"

यशदीपला ठसका लागला. सून भावना मात्र हसली नाही. ती एका शाळेत गणित शिकवायची. मराठी तिला सगळी कळे, बोलताना मात्र हिंदीच तोंडात येई. "मम्मी का सवाल सही है, पापाजी," ती म्हणाली. "समता कॉलोनी में एक फिजियोथेरपिस्ट हैं. एक बार दिखा लेते हैं ना."

फिजियोथेरपिस्ट शर्मिष्ठा ही भावनाच्याच वयाची होती. तिने कमलाबाईंनी काढून आणलेला एक्स-रे उजेडाला धरून पाहिला. वयाप्रमाणे थोडी झीज, दोन्हीकडे जवळपास सारखीच. मग ती खुर्ची ओढून समोर बसली.

"आंटी, उंगली से दिखाइए, दर्द कहाँ है."

कमलाबाईंनी डाव्या गुडघ्याच्या वाटीवर बोट ठेवलं.

शर्मिष्ठाने उजव्या गुडघ्यावरच्या पट्ट्याकडे पाहिलं. "फिर पट्टा इधर क्यों?"

"क्योंकि खराब ये वाला है."

"किसने बोला?"

"हमारे मिस्टर ने. सुन के."

"किससे सुन के?"

कमलाबाई जरा घुटमळल्या. "पेचकस से. स्क्रू-ड्रायव्हर से."

शर्मिष्ठा खळखळून हसली, आणि लगेच थांबून पुढे वाकली. "सच में? सुनाई देता है?"

"बहुत साफ."

"तो अंकल ने सुना सही है. अगली बार लेते आना, मुझे भी सुनना है." तिने उजव्या गुडघ्यावर तळवा ठेवून पाय मोडायला सांगितला. कट्ट. "हाँ, है. पर आंटी, आवाज और दर्द दो अलग चीजें हैं. सोडे की बोतल खोलते हैं तो कैसे फुस्स होता है, वैसे जोड़ के पानी में भी बुलबुला बनता है. कभी कोई नस हड्डी के ऊपर से सरकती है, उसका भी आवाज आता है. दर्द नहीं, सूजन नहीं, पैर अटकता नहीं, तो बजने दो."

"और ये वाला?" कमलाबाईंनी डावा पुढे केला.

शर्मिष्ठाने टेप काढली आणि दोन्ही मांड्या मोजल्या. डावी बारीक निघाली. साडीत झाकलेली म्हणून कुणाच्या नजरेत आली नव्हती. खुद्द कमलाबाईंच्याही. तिने डावा पाय सरळ करून उचलायला सांगितला. पाय थरथरायला लागला.

"ये पैर काम नहीं कर रहा. कब से? कुछ बदला था?"

कमलाबाईंनी आठवून पाहिलं. पडल्या नव्हत्या. आजारी पडल्या नव्हत्या. घरातलं काय काय बदललं ते सांगता सांगता त्या एकदम थांबल्या.

"मशीन को मोटर लगी," त्या म्हणाल्या. "पहले दोनों पैर से पायडल मारती थी. अब एक ही लगता है. ये वाला मोड़ के नीचे रख देती हूँ."

"दिन भर?"

"दिन भर."

"और दिवाली से चलना भी बंद," भावना म्हणाली.

शर्मिष्ठाने समजावून सांगितलं. गुडघ्याची वाटी जागेवर धरून ठेवतो तो मांडीचा स्नायू. तो बारीक झाला की सांध्यावर जास्त दाब येतो आणि दुखतं. दुखतं म्हणून माणूस बसतो, बसला की तो आणखी बारीक होतो. बेअरिंगला ग्रीस बाहेरून द्यावं लागतं, गुडघा मात्र आपलं ग्रीस हालचालीनेच फिरवतो. मग तिने व्यायाम दाखवले. खुर्चीवर बसून पाय सरळ करायचा आणि धरून ठेवायचा. खुर्चीवरून हात न लावता उठायचं, सावकाश बसायचं. रोज थोडं चालायचं, थोडं थोडं वाढवत. दुखलं तर घाबरायचं नाही, पण दुसऱ्या दिवशी सकाळी बघायचं. नेहमीपेक्षा जास्त दुखत असेल तर काल जास्त झालं, आज कमी करायचं. सूज आली किंवा पाय मध्येच दगा देऊ लागला तर लगेच यायचं.

"और लेझीम?" कमलाबाईंनी सगळ्यात शेवटी विचारलं.

शर्मिष्ठाला लेझीम माहीत नव्हती. कमलाबाईंनी क्लिनिकमध्येच उभं राहून हातवारे करून दाखवली. बैठकीपाशी आल्या तशी शर्मिष्ठाने हात वर केला.

"बाकी सब चलेगा, अगर तब तक ताकत आ गई. ये पूरा नीचे बैठना इस साल नहीं. कुर्सी जितना झुकना, बस."

कमलाबाई "हव" म्हणाल्या. पण बैठकीशिवाय लेझीम म्हणजे काय, हे त्या मुलीला कसं सांगणार, असं त्यांच्या मनात आलं.

घरी भैय्यालालजींनी सगळं ऐकून घेतलं आणि मान हलवली. "पोट्टी चांगली असंल. पण आवाज उगाच येत नसते. एवढी वर्षं मी काय हवा ऐकली?"

संध्याकाळची वेळ होती. ओट्यावर सरलाही येऊन बसली होती. कमलाबाई आत गेल्या, स्क्रू-ड्रायव्हर घेऊन आल्या आणि नवऱ्यासमोर उभ्या राहिल्या.

"बसा. पायजामा वर करा."

"माझा कायले?"

"करा म्हणते ना."

त्यांनी टोक नवऱ्याच्या गुडघ्याला लावलं आणि मूठ स्वतःच्या कानामागे टेकवली. इतक्या वर्षांत त्यांनी हे कधीच केलं नव्हतं. आधी फक्त स्वतःच्याच कानाची धडधड आली. मग भैय्यालालजींनी पाय मोडला, आणि आत कुणीतरी रेतीवरून पोतं ओढत नेत असावं तसा आवाज ऐकू आला. सावकाश, लांबवर. कमलाबाईंचे डोळे मोठे झाले.

"अगं बाई! हे तं सारं बोलते!"

"काय बोलते?"

"खर्रर्र बोलते. दुसरा द्या." दुसऱ्यातही तेच, वर एक टक. "तुमच्या दोनी गेल्या."

"काहीतरीच! मले कुठं दुखते?"

"तेच तं."

भैय्यालालजींनी स्क्रू-ड्रायव्हर हिसकून घेतला आणि वाकून स्वतःच स्वतःचं ऐकायचा प्रयत्न केला. कान गुडघ्यापर्यंत पोचेना. सरला पदर तोंडात धरून हसत होती. मग त्यांनी भावनाला बसवलं. लहानपणापासून सायकल मारणारी, एका दमात जिने चढणारी पोरगी. तिचा गुडघा असा कडाडला की स्क्रू-ड्रायव्हरची गरजच पडली नाही. यशदीपचा बारीक, किरकिरा.

"माझा पाहा, माझा पाहा," सरला पुढे सरसावली. भैय्यालालजींनी ऐकलं आणि डोकं मागे घेतलं. "बापा!"

"काय?"

"तुझ्या इथं तं डीजेच लागून आहे."

"मग पोट्ट्याईले सांगते, ट्रक नका ठरवू, मलेच चालवा पुढं," सरला म्हणाली, आणि सगळा ओटा हसला.

भैय्यालालजींनी मात्र स्क्रू-ड्रायव्हर मांडीवर आडवा ठेवला. मग स्वतःशीच बोलावं तसं म्हणाले, "मिलमधल्या साऱ्या मशीनी एकसारख्या वाजून राहिल्या, अन् साऱ्या चालून राहिल्या, तं तो बिघाड नसते. तो मशीनचाच आवाज असते."

चुकलो, असं ते म्हणाले नाहीत. ते तसं म्हणणाऱ्यांतले नव्हते. पण दुसऱ्या दिवशी सकाळी कमलाबाई अंघोळ करून आल्या तेव्हा शिलाई मशीनची मोटर खोलून बाजूला ठेवलेली होती आणि भैय्यालालजी जमिनीवर पालथे पडून जुना चामडी पट्टा मोठ्या चाकावर चढवत होते. पायडल हलवून पाहिलं तर ते करकरलं.

"हे तेल मागून राहिलं," कमलाबाई म्हणाल्या. "याले द्या."

त्यांनी दिलं. यशदीपला आधी वाईट वाटलं. मोटर त्याने हौसेने आणली होती. कमलाबाईंनी त्याला सांगितलं, जाड पडद्यांचं काम आलं की लावू.

पहिले आठवडे कठीण गेले. दोन्ही पायांनी पायडल मारताना डावी मांडी भरून येई. पाय सरळ धरायचा व्यायाम कमलाबाई पिको करता करता करत. साडीचं एक टोक संपलं की एकदा. काही दिवसांनी शर्मिष्ठाने पायाला थोडं वजन बांधायला सांगितलं, तेव्हा त्यांनी उरलेल्या फॉलच्या कापडाची थैली शिवली आणि भैय्यालालजींनी चाळणीने चाळून त्यात रेती भरली. आधी घराभोवती, मग विहारापर्यंत चालणं. एकदा हुरूप आला आणि त्या भावनाबरोबर पार सदर बाजारात जाऊन, गर्दीतून दुकानं हिंडून आल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी डावा ठणकत होता. भैय्यालालजींनी लगेच "बंद!" म्हटलं.

"बंद नाई. कमी," कमलाबाई म्हणाल्या आणि त्या दिवशी फक्त विहाराच्या फाटकापर्यंत गेल्या.

गुडघा बरा झाला असं नाही. तो दुखायचा. पण आता तो का दुखतो, कधी दुखतो, कशाने कमी होतो हे त्यांना कळू लागलं होतं, आणि ज्या गोष्टीचं कळतं तिची भीती तितकी राहत नाही. फेब्रुवारी संपता संपता त्यांनी सरलाला हाक मारली. "पोट्ट्याईले सांग. ट्रक नको."

विहाराच्या अंगणात तालीम सुरू झाली. चालणं जमलं. वळणं जमलं. मग बैठक आली. कमलाबाईंनी लांब शिट्टी दिली, रांगा खाली बसल्या, आणि त्या एकट्या खुर्चीएवढ्या वाकून, हात वर करून उभ्या राहिल्या. अंगात कसंसंच झालं. सगळ्या खाली आणि आपण उभ्या. म्हातारी झाल्यासारखं. एक क्षण वाटलं की बसावंच, होऊन जाऊ दे. डावा गुडघा थोडा आणखी वाकवलाही. बोचणी आली. त्या थांबल्या आणि छोटी शिट्टी दिली.

सगळ्या उठल्या. एकदम.

कमलाबाई चकित झाल्या. दरवर्षी मागची रांग उठताना हमखास मागे पडायची. त्यावर त्या दरवर्षी ओरडायच्या. तालमी वाढवायच्या. "पुन्हा," त्या म्हणाल्या. पुन्हा तेच. मागची रांग पुढच्याबरोबर उठली.

"काय केलं तुमी मागच्यांनी?"

"काही नाई," मागून सरला ओरडली. यंदा तिला मागच्या रांगेत टाकलं होतं. "आधी तुमी बसल्या का दिसतच नव्हत्या. पुढच्या उठल्या का आम्ही उठत होतो. आता शिट्टी देताना तुमचा हात खाली येते, तो दिसते ना."

कमलाबाई कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या. "म्हणजे इतकी वर्षं मी उगाच बसून राहिली? अन् कोणी सांगितलं नाई?"

"तुमाले कोण सांगते, दीदी? तुमच्या हाती लेझीम असते."

चौदा एप्रिलला ऊन सकाळपासूनच डोळ्यांत खुपत होतं. निळे झेंडे, पाण्याच्या गाड्या, जागोजाग सरबताचे मंडप. कमलाबाई पुढे उलट पावली चालल्या. असं उलटं चालणं गुडघ्याला सोपं जातं, हे त्यांनी तालमीत शोधून काढलं होतं आणि शर्मिष्ठाला अभिमानाने सांगितलंही होतं. मध्ये एका मंडपात त्या मुद्दाम थांबल्या, खुर्चीवर बसल्या, पाय सरळ करून धरला, सरबत प्यायल्या. भैय्यालालजी रस्त्याच्या कडेने सगळा वेळ बरोबर चालत होते. हातात पाण्याची बाटली, आणि नजर बायकोच्या पायांवर.

आंबेडकर चौकात गर्दी बाजूला झाली. लेझमी खणखणल्या. कमलाबाईंनी हात वर केला आणि लांब शिट्टी दिली.

रांगा खाली बसल्या. लेझमी जमिनीला टेकल्या. ढोल थांबला. चौक गप्प झाला. पांढऱ्या साड्यांच्या त्या सगळ्या वाकलेल्या पाठींच्या पुढे कमलाबाई एकट्या, जराशा वाकलेल्या, हात वर. सगळे डोळे त्या हातावर. ही जागा त्यांनी आजवर कधी पाहिलीच नव्हती. दरवर्षी त्या स्वतः खाली बघत असायच्या. आता त्यांना सगळ्यांचे चेहरे दिसत होते. त्यांनी तो क्षण थोडा लांबवला. मग छोटी शिट्टी.

सगळ्या उठल्या, आणि त्या शांततेत रांगेतून आवाज आला. कट्ट. कटकट. कट्ट. इकडून, तिकडून, मागच्या रांगेतून. पुढच्या बायकांना हसू फुटलं, मग मागच्यांना, आणि ढोलवाल्याने गोंधळून जोरात थाप दिली. कमलाबाई शिट्टी दातांत धरून हसत होत्या. कडेला भैय्यालालजी शेजारच्या अनोळखी माणसाला सांगत होते, "काही नाई, भैया. मशीनचाच आवाज आहे."

संध्याकाळी डावा पाय जड झाला होता. कमलाबाईंनी शेक घेतला आणि लवकर झोपल्या. खरा निकाल सकाळी लागायचा होता, हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं.

सकाळी त्या पलंगाच्या कडेवर बसल्या. समोर भैय्यालालजी. हातात पिवळ्या मुठीचा स्क्रू-ड्रायव्हर.

"कोणता ऐकू?"

"ठेवा ते," कमलाबाई म्हणाल्या. "विचारा."

भैय्यालालजींनी स्क्रू-ड्रायव्हर उशाशी ठेवला. हे त्यांना नवीन होतं. मशीनला त्यांनी कधी काही विचारलं नव्हतं. त्यांनी घसा साफ केला.

"दुखते का?"

कमलाबाई उठल्या. उजवा वाजला. डाव्यावर भार टाकून त्या दारापर्यंत गेल्या, ओट्याची पायरी उतरल्या, पुन्हा चढल्या.

"दुखते," त्या तिथूनच म्हणाल्या. "पण परवासारखंच. जास्त नाई."

मग त्या आत आल्या, सदर बाजारच्या साड्यांचं गाठोडं सोडलं आणि दोन्ही पाय पायडलवर ठेवले.